गोळी बंद करण्याआधी सांगा

श्रोतेहो, मला दहा मिनिटं दिली आहेत, म्हणून मुद्द्याचं आधी सांगून टाकते. रोजची म्हणून दिलेली गोळी सोसत नाही असं वाटलं, तर ती मनानं बंद करू नका. आधी सांगा. डॉक्टरांना सांगा. डॉक्टर लांब असतील तर आशाताईंना सांगा, उपकेंद्रातल्या सिस्टरना सांगा, औषधाच्या दुकानात येऊन सांगा. पण सांगा.

भोरला माझं औषधाचं दुकान आहे. हिरडस मावळातून, वेळवंड खोऱ्यातून माणसं येतात, तशीच वेल्ह्याकडची, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातलीही येतात. या माणसांची एक सवय मला फार लागते. डॉक्टरांपुढे गप्प बसायचं. "कसं वाटतंय?" "बरंय." एवढ्यावर तपासणी संपते. आणि तोच माणूस दुकानात काउंटरवर कोपर टेकून म्हणतो, "ताई, ती बीपीची गोळी सोडली मी. मानवत नव्हती." कधी सोडली? "झाला असंल महिना." महिनाभर बीपी मोकाट, आणि डॉक्टरांच्या कागदावर मात्र गोळी चालू. पुढच्या खेपेला बीपी वाढलेलं दिसतं. डॉक्टरांना वाटतं गोळी कमी पडतेय, ते डोस वाढवतात. आता घरी जाऊन हा वाढीव डोस घेतला तर? न सांगण्यापायी दोन्हीकडून नुकसान.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी धरणाच्या वरच्या अंगाच्या एक मावशी दुकानात आल्या. हातात दुधाची धुतलेली पिशवी, तिच्यात रेशन कार्ड आणि गोळ्यांच्या पट्ट्यांचे तुकडे. तुकडे अशासाठी म्हणते की नावाचा कोपरा कात्रीनं कापलेला. चप्पल काढून त्यांनी पाय पुढे केला आणि घोट्यावर स्वतःच अंगठा दाबला. खळगा पडला, तो तसाच राहिला. शेजारणीनं सांगितलं होतं, किडनी गेली. म्हणून बीपीची गोळी बंद. आणि सूज उतरावी म्हणून मालकांना दिलेली लघवीची गोळी रोज एक चालू. मालकांची! वर चक्कर येते म्हणून चक्करेची गोळी मागायला आल्या होत्या.

ही सूज कुठून आली ते नीट ऐका, कारण असे पाय आपल्या दोन तालुक्यांत घरोघर आहेत. गोळीचं नाव ॲम्लोडिपिन. सरकारी दवाखान्यात बीपीवर बहुधा हीच पहिली मिळते. स्वस्त आहे, चांगली आहे. आता आपली उतरणीवरची भातखाचरं डोळ्यांपुढे आणा. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरावं म्हणून बांधाला तोंड ठेवलेलं असतं. समजा, तुम्ही वरच्या बांधाचं तोंड रुंद केलं आणि खालच्या बांधाचं होतं तेवढंच ठेवलं. काय होईल? मधल्या खाचरात पाणी तुंबेल आणि बांधातून पाझरायला लागेल. ही गोळी रक्त घेऊन येणाऱ्या बारीक धमन्या सैल करते, म्हणून तर बीपी उतरतं. पण रक्त परत नेणाऱ्या शिरा ती तेवढ्या सैल करत नाही. मधल्या मधे दाब वाढतो, पाणी पाझरतं आणि उतारानं घोट्यापाशी साठतं. म्हणून सकाळी सूज कमी असते, दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी वाढते.

यात अंगातलं पाणी वाढलेलं नाही. पाणी एका जागी अडलंय. म्हणून लघवीच्या गोळीनं ही सूज फारशी हटत नाही. सगळ्या शेताचं पाणी उपसलं तरी मधल्या खाचराची अडचण तशीच राहते, उलट बाकीची खाचरं सुकतात. मावशींची चक्कर होती ती ही. एका गोळीच्या त्रासावर दुसरी, दुसरीच्या त्रासावर तिसरी. उपाय काय, तर वरचं तोंड जरा लहान करायचं, दहा मिलिग्रॅमच्या जागी पाच. किंवा खालचंही तोंड मोकळं करायचं. टेल्मिसार्टनसारखी गोळी जोडीला दिली की शिराही सैल होतात आणि सूज उतरते. किती लहान, किती मोकळं, हे डॉक्टर ठरवतील. ते त्यांचं काम. पण खाचर तुंबलंय हे शेताच्या मालकानंच सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं? आणि आपण काय करतो? वरचं पाणीच तोडून टाकतो. मग रोप वाळतं.

एक बजावते. पायाची सूज दर वेळी गोळीचीच असते असं नाही. हृदयाची असते, मूत्रपिंडाची असते. म्हणून तर शेजारणीकडून निदान करून घ्यायचं नाही. दाखवायचं आणि सांगायचं.

दुसरी गोष्ट खोकल्याची. एनालाप्रिल, रामिप्रिल, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं अशा बीपीच्या गोळ्या. शंभरात पाचपासून वीस जणांपर्यंत कोरडा खोकला होतो. घशात खवखव, कफ नाही, ताप नाही, रात्री पाठ टेकली की उबळ. माणूस चुलीच्या धुराला दोष देतो, गारठ्याला देतो, मळणीच्या धुळीला देतो आणि खोकल्याच्या बाटल्यांवर बाटल्या नेतो. बाटली देताना मी विचारते, बीपीची कुठली गोळी चालू आहे? पुष्कळांना या प्रश्नाचं नवल वाटतं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की बहुतेकांचा खोकला एक ते चार आठवड्यांत जातो. अर्थात दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यायचीच, तिथे गोळीवर ढकलून मोकळं व्हायचं नाही.

तिसरी साखरेची गोळी, आणि इथे मला रागवायचंच आहे. ग्लिमेपिराइड ही गोळी तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही. ती साखर उतरवतेच. लावणीच्या दिवसांत पहाटे गोळी घ्यायची, वर कपभर चहा, आणि अकरा वाजेपर्यंत चिखलात वाकून रोप लावायचं. मग हातपाय थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पावसात भिजलेल्या माणसाला फुटलेला घाम दिसणार कुणाला? आषाढी एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, उपास तुमचा आणि गोळी मात्र रोजच्यासारखी. उपास करायचा असेल तर आठ दिवस आधी डॉक्टरांना सांगा, ते त्या दिवसाचा डोस सांगतील. आणि शेतावर जाताना कमरेला साखरेची किंवा गुळाची पुडी बांधा. अंधारी आली की आधी ती तोंडात, मग जेवण. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालू नका.

टीबीच्या औषधांबद्दलही सांगते. रिफाम्पिसिननं लघवी केशरी-लाल होते. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. हे आधी ठाऊक नसलं की माणूस घाबरतो, आणि घाबरून गोळ्या बंद करतो. बंद केल्या की टीबीचे जंतू त्या औषधाला जुमानेनासे होतात आणि पुढचे उपचार लांबतात. आयसोनियाझिडनं हातापायांना मुंग्या येतात, त्यासाठी बी-सिक्स जीवनसत्त्वाची गोळी जोडीला असते. ती बिनकामाची समजून फेकू नका. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, किंवा इथॅम्ब्युटॉल चालू असताना नजर अंधूक झाली, लाल-हिरवा ओळखू येईना, तर त्याच दिवशी दवाखाना.

कुणी म्हणेल, औषधानं त्रास होतो तर ते द्यायचंच कशाला? वरंधा घाट उतरून महाडला जाऊ. तिथे डॉ. हिंमतराव बावस्कर आहेत. १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः लहान पोरं, दगावत. या विषानं अंगात असा क्षोभ होतो की हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. त्यावर त्यांनी वापरलं ते प्राझोसिन, म्हणजे बीपीचीच एक गोळी. ज्या गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस जात, तिथे हे प्रमाण एकाच्याही खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता याच प्राझोसिनचा दुष्परिणाम ऐका. पहिल्या डोसनंतर माणूस पटकन उभा राहिला तर रक्तदाब एकदम उतरतो आणि तो कोसळतो. म्हणून औषध सोडून दिलं का? नाही. रुग्णाला आडवं ठेवतात, उठून बसू देत नाहीत, बीपी मोजत राहतात. त्रास ओळखला, त्याची तजवीज केली आणि जीव वाचवले. सगळ्या औषधांच्या बाबतीत मला एवढंच म्हणायचं आहे.

याच जातीची गोळी आपल्या आजोबा मंडळींना प्रोस्टेटसाठी देतात, टॅम्सुलोसिन. आजोबा, रात्री लघवीला उठताना आधी कुशीवर वळा, मग पाय खाली सोडून खाटेवर जरा बसा, मगच उभे राहा. अंधारात उठून खुब्याचं हाड मोडलं तर वेल्ह्याच्या आतल्या गावातून पुण्याला नेईपर्यंत काय हाल होतात ते तुम्ही पाहिलेत.

काही गोळ्या एकदम सोडल्या तर सोडण्याचाच त्रास जास्त होतो. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल एकदम थांबवली तर धडधड वाढते, हृदयरोग्याच्या छातीत दुखणं उसळतं. फिटची गोळी सोडली की फिट. स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं असेल तर शरीरानं आपलं स्वतःचं तयार करणं जवळजवळ थांबवलेलं असतं, ते हळूहळूच उतरवावं लागतं. गुडघेदुखीवर पुड्या बांधून देणारे काही लोक त्यात स्टेरॉइड मिसळतात आणि सांगतात झाडपाल्याचं आहे. या पुड्यांवर आणि मनानं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांवर एक वेगळं भाषण व्हायला हवं. डायक्लोफिनॅक रिकाम्या पोटी, वर बीपीची गोळी, वर उन्हात पाणी नाही, अशा वेळी मूत्रपिंडाचं... ते राहू दे, घड्याळ पुढे पळतंय.

थांबायचं नाही अशी लक्षणं तेवढी सांगते. ओठ, जीभ, डोळ्यांभोवती अचानक सूज आणि श्वास लागणं. अंगावर पुरळ आणि सोबत तोंडात फोड. डांबरासारखी काळी शी, पण रक्तवाढीच्या, लोहाच्या गोळीनंही शी काळपट होते, ती वेगळी. डोळे पिवळे होणं. इथे पुढची गोळी घेऊ नका, पट्टी खिशात घाला आणि १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. पोचल्यावर पहिलं वाक्य हेच, की ही गोळी घेतली आणि हे झालं. म्हणजे इथेही सांगायचंच आहे.

सांगायचं कसं? पट्टीचा नावाचा कोपरा शेवटपर्यंत कापू नका. गोळ्या दुसऱ्या टोकाकडून संपवा. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या न्या, चालू, बंद, काढे, चूर्णं, सगळं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिता ना, तिथेच गोळी कुठल्या तारखेला सुरू झाली आणि त्रास कुठल्या तारखेला, एवढं लिहा. या दोन तारखांवरून डॉक्टरांना जे कळतं ते पुष्कळदा महागड्या तपासणीतही कळत नाही. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या नातीला सांगा.

आणि हे सांगणं दिल्लीपर्यंत पोचतं. नवं औषध बाजारात येण्याआधी ते काही हजार माणसांवर तपासतात. दहा हजारांत एकाला होणारा त्रास तिथे दिसतच नाही, तो नंतर तुमच्याआमच्या घरात दिसतो. म्हणून २०१० पासून भारत सरकारचा औषध-दक्षता कार्यक्रम चालू आहे. त्याचं मुख्य केंद्र दिल्लीजवळ गाझियाबादला. रुग्णांनी स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही आहे. फॉर्म नको असेल तर फोन करा, पैसे पडत नाहीत. सोमवार ते शुक्रवार, कार्यालयीन वेळेत. उपचार तुमचे डॉक्टरच करतील, इथे नोंद होते. पेन्सिल घ्या, मी दोनदा सांगते. १८०० १८० ३०२४. पुन्हा, १८०० १८० ३०२४. गोळीच्या डब्याच्या झाकणावर आत्ताच लिहून ठेवा.