कला आणि प्रपंच
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देवळाचे काम सर्वांच्या सहकार्याने पार पडले. गवंडी, सुतार, रंगारी यांना त्यांची मजुरी मिळाली. ती मिळायलाच पाहिजे. पण याच देवळात रात्रभर मृदंग वाजविणाऱ्या पोराच्या हाती आपण नारळ देतो आणि सकाळी त्याच्या बापाला सांगतो, "भजनाने पोट भरत नाही, पोराला कामाला लावा." या बोलण्याचा आज थोडा विचार व्हावा.

आपल्या तिवसा तालुक्यात मोझरी येथे १९३५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. त्यांची खंजिरी गावोगावी पोहोचली. परंतु महाराज विरक्त होते. ज्याच्यामागे बायकामुले आणि सोसायटीचे कर्ज आहे, त्याने काय करावे?

त्याला वाट दाखविणारेही पुष्कळ आहेत. गोरोबाकाका मडकी घडवीत, सावता महाराज मळा राखीत. त्यांनी धंदा सोडला नाही आणि देवाचे नावही सोडले नाही. मुंबईत कवी नारायण सुर्वे यांनी शाळेत शिपायाची नोकरी केली, पुढे ते शिक्षक झाले. १९६२ साली त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह निघाला आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

मात्र ही वाट सोपी नाही. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांनी शेती आणि घरकाम करता करता गाणी रचली. त्या १९५१ साली वारल्या आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक १९५२ साली निघाले. ते त्यांना पाहायला मिळाले नाही.

म्हणून तरुणांना विनंती की, हातचे काम सोडू नका. पण दिवसातला एक तास कलेसाठी ठरवून ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांतही तो मोडू नका. वडीलधाऱ्यांनी त्या तासाला रिकामपणा म्हणू नये. आणि देणगीदारांना नम्र सूचना की, देवळाच्या जमाखर्चात सिमेंट-रेतीच्या खाली आणखी एक ओळ असावी: मुलांना मृदंग व पेटी शिकविणाऱ्याचे मानधन. नारळ द्यावाच, पण त्यासोबत कष्टाचा मोबदलाही द्यावा.

देऊळ आपण बांधले. आता त्यात वाजविणारा, गाणारा गावातच टिकावा, एवढीच प्रार्थना.

जय हिंद, जय महाराष्ट्र!