कादंबरीतून शब्दसंपदा



गाझियाबादसारख्या हिंदी मुलखात मुलाला मराठी माध्यमात घालणाऱ्या पालकांना एक धास्ती कायम असते: इंग्रजी मागे तर पडणार नाही? मग शब्दांच्या याद्या पाठ करवल्या जातात आणि परीक्षा सरताच विरून जातात.

कृष्णशास्त्री चिपळूणकर मुळात पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे विद्यार्थी. इंग्रजी त्यांनी मागाहून आत्मसात केले. डॉ. जॉन्सनच्या ‘रासेलस’ या कादंबरीचे भाषांतर त्यांनी आरंभिले. ते पुत्र विष्णुशास्त्री यांनी पूर्ण केले. कादंबरी १७५९ ची, भाषा भारदस्त. तिचा कर्ता १७५५ च्या प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशाचाही कर्ता. आणि त्या कोशातही शब्दार्थांना ग्रंथांतील उताऱ्यांचा आधार दिलेला आहे.

‘रासेलस’मधील ‘सॉलिट्यूड’ हा शब्द पाहावा. ‘एकांत’ असा अर्थ देऊन कोश मोकळा होतो. संतवाणीवर वाढलेल्या मराठी वाचकाला एकांत सुखाचाच वाटतो. कथेतील तपस्वी मात्र १५ वर्षे गुहेत काढून उबगतो आणि कैरोला परत निघतो. तेव्हा त्याच शब्दाला एकाकीपणाची छटा चढते. ती कोणत्या यादीत सापडावी?

शाळकरी मुलांनी थेट जॉन्सन वाचावा, असा आग्रह नाही. तो जाचच ठरेल. आवडेल ती कादंबरी घ्यावी. प्रत्येक शब्दापाशी अडू नये. पुन्हा पुन्हा भेटेल तो शब्द वाक्यासकट वहीत उतरवावा व त्याला मराठी प्रतिशब्द स्वतः शोधावा. दोन-तीन सुचूनही एकही नेमका बसेना, तर घाई करू नये. भाषांतरकाराचे खरे काम तेथेच सुरू होते, आणि त्यासाठी मराठीही तितकीच पक्की लागते.