माती करावी लागते
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी आम्ही शिक्षणावर चार शब्द बोलावेत, अशी संस्थेची आज्ञा झाली. आज्ञा शिरसावंद्य आहे. परंतु शिक्षणावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ऐकणाऱ्यांची सहनशक्ती मर्यादित आहे. म्हणून आम्ही आज पाचोळ्यावर बोलणार आहोत. कोणी हसू नये. पाचोळ्यातून आम्हांला जे शिकावयास मिळाले ते अध्यापनाच्या पदवीनेही दिले नव्हते.

आमची पहिली नोकरी पेडणे तालुक्यात झाली आणि पुढे आम्ही डिचोलीस आलो. दोन्ही ठिकाणी पायाखाली एकच वस्तू, ती म्हणजे जांभा दगड. याच दगडाचे चिरे काढून आपण घरे बांधतो. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हजारो वर्षे या पावसाने जमिनीतला चुना आणि पालाश धुऊन समुद्रास नेला, आणि मागे उरले ते लोह व ॲल्युमिनियम. म्हणून आपली माती तांबडी, आंबट आणि भुकेली आहे. त्यातही डोंगर कापून जेथे सपाटी करतात तेथे वरची वीतभर माती नाहीशी होऊन नुसता चिरा उघडा पडतो. आमच्या शाळेमागची जागा अशीच होती. पिकाव मारला की ठिणगी उडे.

या जागेत मुलांची बाग करावयाची असे आम्ही ठरविले. मनात एक कारण होते. आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या वडिलांच्या शेतात पावसाबरोबर खाणीवरचा तांबडा गाळ येऊन बसला होता. एक टन खनिज काढावयाचे तर दोन-तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो, आणि हे ढीग पावसात वाहतात, हे डिचोलीकरांना सांगावयास नको. २०१२ साली खाणी थांबल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खाणी थांबल्या, तरी शेतात बसलेला गाळ उठून परत गेला नाही. मातीचा धडा शिकविताना तो मुलगा सहज म्हणाला, "सर, आमच्या मातीत आता काहीच होत नाही." बारा वर्षांच्या मुलाने हे इतक्या शांतपणे म्हणावे, याचे आम्हांला फार वाईट वाटले.

खाली खणता येत नाही, तर वर चढावे, असा विचार आम्ही केला. अमेरिकेत रूथ स्टाउट या बाईंनी १९५५ साली पुस्तक लिहून सांगितले होते की, बागेत खणण्याची गरज नाही, वर गवत पसरीत राहावे. पुढे तिकडेच थरावर थर रचून वाफा करण्याची रीत रूढ झाली आणि तिला थरांच्या एका इटालियन पदार्थाचे नाव मिळाले. आम्ही गोवेकरांनी तिला बिबिंक म्हणावे! फरक इतकाच की बिबिंकला वरून आच लागते, आणि या वाफ्याची आच त्याच्या पोटातून येते.

पुस्तकी ज्ञानाच्या भरवशावर आम्ही खाली पुठ्ठे घातले, वर गुडघाभर सुका पाचोळा, वर थोडी माती, आणि त्याच आठवड्यात मुलांकडून वांग्या-मिरचीची रोपे लावून घेतली. पंधरा दिवसांत रोपे पिवळी पडली. तिसऱ्या आठवड्यात पुठ्ठ्यांना वाळवी लागली. मुले रोज मधल्या सुटीत पाहावयास येत आणि न बोलता परत जात. त्या मुलाने तर येणेच सोडले. दोष सर्वस्वी आमचा होता.

हा प्रकार आम्ही पेडण्यास एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी सांगितला. त्याची आजी ओटीवर बसून ऐकत होती. पावसाळ्यात सड्यावर थोडीशी माती ओढून उंच वरंबे करावयाचे आणि चवथीसाठी काकडी, दोडकी, भेंडी पिकवावयाची, यात तिचा जन्म गेलेला. ती म्हणाली, "मास्तर, पातेरा आधी गोठ्यात घाला. गुरांच्या पायांखालून गेल्याशिवाय त्याचे खत होत नाही."

आम्ही घरी येऊन पुस्तके पुन्हा उघडली. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे कंपोस्टाची जी पद्धत बसविली, तीत हेच होते: पालापाचोळा गुरांच्या खाली अंथरावयाचा, तो मूत्राने भिजू द्यावयाचा, आणि मग शेण व हिरवा पाला यांसह रचावयाचा. कारण असे की, पान कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना कर्बाबरोबर नत्रही लागते, साधारणतः तीस भागांस एक. सुक्या पानांत नत्र फार थोडे, म्हणून ते जीव मातीतले नत्र ओढून घेतात आणि रोप उपाशी राहते. आमची वांगी उपासाने मेली होती. आजीने हॉवर्डसाहेब वाचले नव्हते. साहेबाने मात्र आपल्याकडच्या शेतकऱ्यांना पाहून पुष्कळ शिकल्याचे मान्य केले आहे.

दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा आरंभ केला. आपल्यापैकी कोणास करून पाहावयाचे असेल तर कृती सांगतो. वाफा रुंदीस तीन-साडेतीन फूट असावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो. लांबी जागेप्रमाणे. जमीन पिकावाने थोडी खरवडून भिजवावी. सर्वांत खाली नारळाची सोडणे. हिवाळी वाफ्यात ती उताणी मांडावीत, म्हणजे पाणी धरतात, आणि पावसाळी वाफ्यात पालथी, म्हणजे पाणी साचत नाही. त्यावर गोठ्यातला भिजका पातेरा चार बोटे. त्यावर ग्लिरिसिडियाचे टाळे किंवा फुलावर येण्यापूर्वी कापलेला टायकिळा दोन बोटे. त्यावर शेणकाला शिंपावा. असे तीन-चार थर करावे. काजूची पाने चिवट, ती मोडून थोडीच घालावी. शेवटी चार बोटे जुने खत आणि माती, मूठ-दोन मूठ चुलीतली राख, कारण माती आंबट आहे. आणि वर भाताचे तण किंवा चुडते झाकावी. पुठ्ठा-लाकूड आपल्याकडे नको. वाफा ओला राहिला तर वाळवीचा उपद्रव कमी.

आता मुख्य गोष्ट, थांबणे. पहिल्या आठवड्यात वाफा तापतो. आत लोखंडी सळई घालून बाहेर काढली तर हातास चटका जाणवतो. मुलांना याचे मोठे नवल वाटले. पाच-सहा आठवड्यांत तो निवतो आणि खचून निम्म्यावर येतो. तोपर्यंत रोप लावू नये. आम्ही मार्गशीर्षात तांबडी भाजी पेरली आणि ती उगवली. पहिली जुडी आम्ही त्या मुलाच्या हाती दिली. वर्षाअखेर वाफा उकरला तेव्हा आत काळी, भुसभुशीत माती आणि गांडुळे निघाली. ती कोणी विकत आणून सोडली नव्हती.

त्या मुलाने विचारले, "सर, ही माती बाबांच्या शेतात घातली तर?" आम्ही खरे तेच सांगितले: एवढ्याने शेत सुधारणार नाही, त्यास वर्षे लागतील आणि ते एकट्याचे काम नाही. पण बांधाजवळ एक वाफा करता येईल. बापलेकांनी तो केला. गेल्या चवथीला त्या वाफ्यावरची दोडकी आमच्या घरी आली.

मंडळी, चोर्ला घाटातून साखळीच्या रस्त्याने बेळगावची भाजी रोज आपल्याकडे उतरते. घाट बंद पडला की आपली सुरी चालत नाही. आणि त्याच वेळी आपण रोज सकाळी अंगण झाडून पाचोळा पेटवितो! म्हणजे आपण मातीच जाळतो. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभारून सामान्य माणसांना घराभोवतीच्या काडीकचऱ्यातून माती करावयास शिकविले. एका शिक्षकास जे साधले ते आपणांस थोडेतरी का साधू नये?

म्हणून या महोत्सवी वर्षात आमची दोनच मागणी आहेत. न्यासाच्या प्रत्येक सभासदाने एक हंगामभर पाचोळा जाळू नये आणि एक वाफा करावा. आणि न्यासाच्या इमारतीमागे जी चिऱ्याची जागा पडून आहे, ती विश्वस्तांनी मुलांच्या हवाली करावी. पैसा नको, गुरे असणाऱ्यांनी गोठ्यातला पातेरा द्यावा, बकऱ्या असणाऱ्यांनी लेंडी. आमच्या घरच्या बकऱ्यांचा वाटा आम्ही आजच लिहून देतो.

आमच्या घरी लहानपणापासून ऐकत आलो की, लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या नावे दान लिहिले जाते. आपला न्यास दानावरच उभा आहे. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी पहिले थर घातले त्यांतील पुष्कळजण आज आपल्यात नाहीत. त्यांचे स्मरण करून आम्ही आपली रजा घेतो.