प्रस्ताव हे संस्थेचे वचनपत्र

(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील सेवासंस्थांच्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कल्याण सोडून गाडी कर्जतच्या दिशेने निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात. या पट्ट्याला उद्योग नवे नाहीत. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीचा अंबरनाथचा रसायनांचा कारखाना, काडेपेट्यांचा विम्को, आयुध निर्माणी, शहाडचा सेंच्युरी रेयॉन आणि पुढे उभ्या राहिलेल्या औद्योगिक वसाहती, असा हा शतकभराचा इतिहास आहे. फाळणीत सर्वस्व गमावलेल्या सिंधी बांधवांनी कल्याणच्या लष्करी छावणीत संसार मांडले आणि १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. २०११ च्या जनगणनेत या एका शहराची लोकसंख्या पाच लाखांवर गेली होती. येथे संपत्ती निर्माण होते, गरजाही डोळ्यांसमोर आहेत आणि त्या गरजांसाठी धावणाऱ्या लहानमोठ्या संस्थाही आहेत. तरीही कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा निधी पुष्कळदा या संस्थांच्या डोक्यावरून निघून जातो.

आपले कार्यकर्ते अभिमानाने म्हणतात, ‘आमचे कामच बोलते.’ काम बोलते हे खरे. परंतु ज्यांनी ते ऐकायचे ते मुंबईच्या मुख्यालयात बसलेले असतात. कारखाना अंबरनाथला असला तरी धनादेशावरची सही तेथे होत नाही. तेथे जाते ते चार-सहा पानांचे कागद, आणि ते लिहिण्याचा आपल्याला कंटाळा. निधीसाठी लिहिणे म्हणजे हात पसरणे, अशी एक अढी मनात बसलेली आहे. ती आधी सोडली पाहिजे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. कर्व्यांनी आयुष्यभर दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. परंतु त्यांच्या महिला विद्यापीठाला मोठे बळ मिळाले ते १९२० साली, सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीने. मधली वर्षे ध्यानात घेण्यासारखी आहेत. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका कर्व्यांच्या हाती आली होती. १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणातून त्यांनी आपली कल्पना समाजापुढे ठेवली आणि १९१६ साली कामाला प्रारंभ केला. म्हणजे ठाकरसींसारखा गिरणीमालक पुढे आला तेव्हा कल्पना लेखी होती, नमुना ठाऊक होता आणि संस्था चार वर्षे चालत होती. देणगीला अटीही होत्या. ठाकरसींच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला द्यावे, ही त्यांतली एक. कर्व्यांनी ती मानली. नाव बदलले, मुलींना मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मूळ हेतू बदलला नाही. देणगीदाराची कोणती अट मानावी, याचा याहून चांगला वस्तुपाठ शोधूनही सापडणार नाही.

आता आजच्या व्यवहाराकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने पाचशे कोटींचे नक्त मूल्य, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीवर, मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याचे दायित्व घातले. १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले. कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. हे प्राधान्य म्हणजे सक्ती नव्हे. पण प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात, ‘आपल्या कारखान्यापासून अमुक अंतरावरील वस्ती’ असे लिहिण्याचा हक्क त्याने आपल्याला दिला आहे. हा हक्क फार थोड्या संस्था वापरतात.

नोंदणीची कागदपत्रे हा कंटाळवाणा, पण टाळता न येणारा भाग. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, प्राप्तिकर खात्याची मान्यता, लेखापरीक्षित ताळेबंद, किमान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळणारा क्रमांक, हे सारे एका धारिकेत तयार असावे. कंपनीची समिती वर्षाचा कृती आराखडा ठरवते. तो ठरण्यापूर्वी पोहोचलेला कागद विचारात घेतला जातो; फेब्रुवारी-मार्चमध्ये धावतपळत नेलेल्या कागदाला, काही उरले असेल तर उरलेले मिळते.

प्रस्तावाचा प्राण म्हणजे गरजेची मांडणी. बदलापूरच्या पुढचे स्थानक वांगणी. लोकलच्या डब्यांत किरकोळ वस्तू विकून पोट भरणारी अनेक अंध कुटुंबे येथे राहतात. एप्रिल २०२१ मध्ये याच स्थानकावर एका दृष्टिहीन मातेचे मूल रुळांवर पडले आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी जिवाची पर्वा न करता ते वाचवले. साऱ्या देशाने ते दृश्य पाहिले. आता समजा, या कुटुंबांसाठी प्रस्ताव लिहायचा आहे. ‘दीनदुबळ्या अंध बांधवांना मदतीचा हात द्यावा’ हे वाक्य आपल्याकडचे दहापैकी नऊ जण लिहितील. त्यातून वाचणाऱ्याला काय कळते? मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि ज्यांचे दुकानच लोकल होते त्यांची मिळकत एका दिवसात शून्यावर आली, हे लिहिले तर परिस्थिती उभी राहते. पुढे मोजलेले आकडे हवेत : कुटुंबे किती, भाडे किती, फलाटावर किंवा घरबसल्या करता येईल असे दुसरे काम शिकायला किती महिने, ते शिकवणार कोण, आणि वर्षअखेर त्यांची मिळकत गाडीवर अवलंबून उरली नाही हे कोण तपासणार. हे आकडे कार्यालयात बसून मिळत नाहीत. त्यासाठी घरोघर जावे लागते, आणि घरोघर जाणे हे तर आपल्या कार्यकर्त्याचे बलस्थान आहे. गुळगुळीत कागदावर सुबक आलेख छापणाऱ्या व्यावसायिक सल्लागारांना ते सहसा जमत नाही.

अंदाजपत्रकात आपण नको तेथे संकोच करतो. प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको, हे कोठेतरी ऐकून शिक्षिकेचे मानधनही वगळले जाते. वस्तुतः ती मर्यादा कंपनीने स्वतःच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर करावयाच्या खर्चाची आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च तीत मोजला जात नाही. शिकवणारी शिक्षिका हाच प्रकल्प असेल तर तिचे मानधन उघडपणे मांडावे. कार्यकर्त्याने पदरमोड करणे वंदनीयच. परंतु पदरमोड ताळेबंदात दिसत नाही आणि तो कार्यकर्ता थकला की काम बंद पडते. परदेशी प्रतिष्ठानांचे नियम निराळे आहेत. परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी नसताना त्या वाटेला जाऊच नये, आणि नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

आता या परिसरातील सर्वांत अवघड प्रश्न. शिलालेखात शके ९८२ चा उल्लेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, ती नदी कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याने काळवंडली. २०१४ साली तिच्यात सोडलेल्या रासायनिक द्रव्यामुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना त्रास झाला, अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. अशा परिसरात एखादी रसायन कंपनी आरोग्य शिबिरासाठी धनादेश देऊ करते, तेव्हा विश्वस्तांनी काय करावे? सगळेच कारखाने दोषी नसतात, आणि सरसकट नकाराने आजाऱ्याला औषध मिळत नाही. परंतु नियम येथे आपल्या मदतीला येतो. अन्य कायद्याने बंधनकारक असलेले काम सामाजिक दायित्वात धरता येत नाही. सांडपाणी शुद्ध करणे हे कारखान्याचे कर्तव्यच आहे; त्या खर्चावर आपल्या संस्थेचे नाव चढू देऊ नये. शिबिराचे पैसे घ्यायचे असतील तर नदीविषयी मौन पाळण्याची अट, लेखी वा तोंडी, स्वीकारू नये. तसा ठराव विश्वस्तांच्या इतिवृत्तात आधीच नोंदवलेला असावा, म्हणजे धनादेश समोर असताना वाद होत नाही. एखादा धनादेश परत जाईल. जाऊ द्यावा.

राहिला अहवाल. निधी मिळाला की पत्रव्यवहार थांबतो आणि वर्षअखेर उपयोगिता प्रमाणपत्रासाठी पावत्यांची शोधाशोध सुरू होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पावत्या महिन्याच्या महिन्याला लावाव्यात. अहवालात सत्कारांची छायाचित्रे कमी आणि हिशेब जास्त असावा. वांगणीच्या तीस विक्रेत्यांना नवे काम शिकवू असे लिहिले असेल आणि शेवटी एकोणीसच टिकले असतील, तर एकोणीस लिहावेत. उरलेले अकरा पुन्हा लोकलमध्ये का चढले, हेही त्यांच्याकडे जाऊन विचारावे आणि त्यांनी सांगितलेले कारण पुढील वर्षीच्या प्रस्तावात पहिल्या पानावर घालावे.