यंत्र आणि यंत्राची पोथी



रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्राची महती मी सांगावी असे नाही. परंतु यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका येते, तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. संगणकाच्या जगात याच प्रश्नावरून मोठा वाद झाला.

संगणकाला काम सांगणाऱ्या मजकुराला आज्ञावली म्हणतात. ती वापरावी, अभ्यासावी, सुधारावी आणि शेजाऱ्याला द्यावी, यांपैकी कशालाही आडकाठी नसावी, या तत्त्वावर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली चळवळ उभी केली. पुढे २००० साली त्यांच्याच संस्थेने पुस्तिकांसाठी निराळा परवाना काढला. तांत्रिक मजकूर बदलण्यास त्यात मोकळीक होती; मात्र लेखकाची भूमिका सांगणारी काही प्रकरणे 'अपरिवर्तनीय' ठरवता येत. 'ईमॅक्स'च्या पुस्तिकेत खुद्द स्टॉलमन यांचा जाहीरनामा असाच जोडलेला आहे.

यावर 'डेबियन' या स्वयंसेवकांच्या संघटनेत ठिणगी पडली. पुस्तिका म्हणजे आज्ञावली नव्हे, तेव्हा तिला तो नियम कशाला, असे एक पक्ष म्हणे. दुसरा म्हणे, जे आम्ही लोकांच्या हाती देतो ते सारेच मुक्त हवे. २००४ साली मतदान होऊन वचननाम्यातील 'शंभर टक्के मुक्त आज्ञावली' या शब्दांच्या जागी नुसते 'शंभर टक्के मुक्त' आले. २००६ साली ठरले, की अपरिवर्तनीय भाग नसेल तरच अशी पुस्तिका मुक्त मानावी.

आपला कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन आज्ञावलीची गणना 'साहित्यकृती'तच झाली. म्हणजे कायद्याच्या पंगतीत आज्ञावली आणि पुस्तिका शेजारी शेजारी बसतात!

हा वाद दूर देशीचा आहे, आपणांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवरच उभी आहे. शिवाय भाषांतर हाही बदलच. त्या परवान्यानुसार अपरिवर्तनीय प्रकरणाच्या जागी केवळ मराठी भाषांतर घालायचे, तर हक्कधारकाची खास परवानगी लागते. एरवी मूळ इंग्रजी मजकूर सोबत वाहावाच लागतो. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडियाही प्रथम याच परवान्याखाली होता. त्यात असे बंद भाग नव्हते. तरी छोटासा लेख छापायचा, तर संपूर्ण परवाना सोबत छापणे भाग पडे. २००९ साली विकिपीडियाने अधिक सुटसुटीत परवाना स्वीकारला.

लेखकाच्या मताला संरक्षण हवे, हे मला मान्य आहे. त्याच्या तोंडी दुसऱ्याने शब्द घालू नयेत. पण त्यासाठी पोथीला कुलूप नको. बदल करणाऱ्याने बदल नोंदवावा आणि आपले नाव द्यावे, एवढे पुरे. ज्या कामगाराला यंत्र उघडण्याचा अधिकार आहे, त्याला त्याची पोथी आपल्या भाषेत नव्याने लिहिण्याचा अधिकार नसेल, तर पहिला अधिकार अर्धाच राहतो. तो पुरा व्हावा.