ड्राइव्ह गेला, की नुसता दिसत नाही?

२००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडच्या कितीतरी लग्नांचं चित्रण सीडी-डीव्हीडीवर झालं. आज हयात नसलेल्या आजोबांचा आवाज त्या चकतीतच उरला आहे. तो ऐकायला घरातला जुना संगणक काढावा, तो रीस्टार्ट व्हावा, आणि 'माय कॉम्प्युटर'मधून सीडी ड्राइव्हच गायब! देवळ्यात माझ्याकडे दुरुस्तीला असे संगणक येतात. 'ड्राइव्ह गेला, नवा टाका,' असं लोक म्हणतात. मी म्हणतो, थांबा. ड्राइव्ह संगणकालाच दिसत नाही, की फक्त विंडोजला? आधी हे पाहू.

संगणक सुरू होताच 'डिलीट' किंवा 'एफ-टू' दाबलं की बहुतेक यंत्रांत बायोसचा पडदा उघडतो. विंडोज येण्यापूर्वी जोडलेल्या यंत्रांची हजेरी इथं लागते. या यादीत ड्राइव्हचं नाव नसेल, तर दोष बहुधा केबलीत, विजेत किंवा खुद्द ड्राइव्हमध्ये. नाव असेल, तर विंडोजकडे वळावं.

नाव नसेल तर संगणक बंद करून प्लग काढा, मिनिटभर थांबा. रीस्टार्ट करताना ड्राइव्हची वीज तुटत नाही. त्यामुळे त्याच्या आतलं नियंत्रण अडकलं असेल, तर ते तसंच राहतं. वीज तुटली की ते नव्यानं सुरू होतं. तरीही फरक पडला नाही, तर प्लग काढलेला ठेवूनच कॅबिनेट उघडा, धूळ झटका आणि ड्राइव्हच्या दोन्ही केबली पुन्हा घट्ट बसवा. जुन्या रुंद पट्टीच्या केबलीवर दोन यंत्रं असतील, तर जम्पर पाहा. एक 'मास्टर', दुसरं 'स्लेव्ह' हवं. दोन्ही मास्टर झाली, तर दोन्ही दिसेनाशी होऊ शकतात. ड्राइव्ह कधी दिसतो, कधी नाही, असं असेल तर एसएमपीएस तपासून घ्या.

दोष विंडोजचा असेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये ड्राइव्हपुढे बहुधा पिवळं उद्गारचिन्ह दिसतं. तिथून तो 'अनइन्स्टॉल' करून रीस्टार्ट करा. विंडोज त्याला पुन्हा शोधतं. तरीही अडलं, तर सीडी लिहिणाऱ्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरनं रजिस्ट्रीत ठेवलेल्या 'अपर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' या नोंदी आड येत असाव्यात. त्या जाणकाराकडूनच काढून घ्या, आणि आधी रजिस्ट्रीची प्रत ठेवायला सांगा.

ड्राइव्ह दिसू लागला की चित्रण पाहत बसू नका. आधी त्याची प्रत काढा. स्टुडिओत किंवा घरी लिहिलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि उष्णता यांनी तो फिका पडतो, मग चांगला ड्राइव्हही ती वाचू शकत नाही. एका सीडीत ७०० एमबी मावतात. म्हणजे ३२ जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर चाळीसेक सीडी सहज बसतील. दोन प्रती करा, दोन घरी ठेवा. चाळीतला कांदा भरला आणि विसरला, असं आपण करत नाही. अधूनमधून तो उघडून पाहतो. या प्रतींचंही तसंच करावं लागेल.