पुण्याच्या छावणींतील मॉर्मन उपदेशक

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सावित्री नदीच्या मुखाशीं, बाणकोट हें जुनें बंदर आहे. १८२३ सालीं स्कॉटलंडचे मिशनरी येथें येऊन राहिले. बाणकोट आणि हर्णै येथें त्यांनीं मराठी शाळा चालविल्या. त्यांच्यापैकींच जॉन स्टीव्हन्सन पुढें पुण्यास गेला व १८३३ सालीं त्याचें मराठी व्याकरण प्रसिद्ध झालें. त्यांचा धर्म कोंकणांत फारसा पसरला नाहीं. परंतु शाळा आणि पुस्तकें यांच्या रूपानें त्यांचें नांव मागें राहिलें. त्यानंतर सुमारें तीस वर्षांनीं स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारा आणखी एक पंथ मुंबईस उतरला, पुण्यापर्यंत पोचला, आणि तीन वर्षांच्या आंत असा नाहींसा झाला कीं, आज त्याची कोणास आठवणहि नाहीं. हा पंथ अमेरिकेंतील मॉर्मन लोकांचा. तो येथें कां रुजला नाहीं, हें समजण्यास त्याचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे.

पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ हा १८०५ सालीं जन्मलेला, गरीब शेतकऱ्याचा मुलगा. एका देवदूतानें आपणांस सोन्याचे पत्रे दाखविले व त्यांवरील लेखाचें भाषांतर आपण दैवी साहाय्यानें केलें, असें तो सांगे. हा ग्रंथ १८३० सालीं प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीं ६ एप्रिल रोजीं न्यूयॉर्क संस्थानांत पंथाची रीतसर स्थापना झाली.

साक्षात्कारावर उभ्या राहिलेल्या प्रत्येक पंथापुढें एक प्रश्न लौकरच येतो. गुरूचें वचन आणि शिष्याची विवेकबुद्धि यांत विरोध आला, तर निवाडा कोणीं करावा? मॉर्मन पंथांत हा प्रश्न सात वर्षांतच पेटला. १८३७ मध्यें ओहायोंतील कर्टलंड गांवीं पंथाच्या धुरीणांनीं काढलेली पेढी बुडाली आणि अनेक थोर अनुयायी संतापून बाहेर पडले. सोन्याचे पत्रे पाहिल्याची ग्वाही देणारे तीन प्रमुख साक्षीदारहि १८३८ अखेर पंथाबाहेर होते. त्याच वर्षीं मिसूरी संस्थानांतून या लोकांना हांकलून देण्यांत आलें. मग इलिनॉय संस्थानांत त्यांनीं नॉवू शहर वसविलें. तेथें गुप्तपणें चाललेल्या बहुपत्नीकत्वाविरुद्ध कांहीं असंतुष्ट अनुयायांनीं १८४४ च्या जून महिन्यांत वर्तमानपत्र काढलें. त्याचा एकच अंक निघाला. स्मिथच्या पुढाकारानें नगरसभेनें छापखान्याचा नाश करविला. त्या प्रकरणीं स्मिथ कार्थेजच्या तुरुंगांत असतां २७ जून रोजीं जमावानें त्यास गोळ्या घालून ठार केलें.

गादीचा वारस ठरलेला नव्हता. सिडनी रिग्डन, जेम्स स्ट्रँग व ब्रिगहॅम यंग यांनीं आपापला हक्क सांगितला. बहुसंख्य लोक यंगच्या मागें गेले व १८४७ सालीं सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यांत पोचले. स्मिथची पत्नी एमा मात्र मागेंच राहिली. १८६० सालीं तिचा मुलगा बहुपत्नीकत्व अमान्य करणाऱ्या निराळ्या शाखेचा प्रमुख झाला.

एवढी फाटाफूट असूनहि प्रचार थांबला नाहीं. १८३७ पासून उपदेशक इंग्लंडांत जाऊं लागले आणि १८५० च्या सुमारास युटापेक्षां ब्रिटनमध्येंच या पंथाचे अनुयायी अधिक होते. तेथूनच हा पंथ हिंदुस्थानांत आला. कलकत्त्यास प्रथम शंभरावर बंगाली रयतेनें दीक्षा घेतली. पण पदरांत कांहीं पडत नाहीं असें दिसतांच ती पांगली. एप्रिल १८५३ मध्यें तेरा उपदेशक सॅन फ्रान्सिस्कोहून ‘मॉन्सून’ नांवाच्या जहाजानें कलकत्त्यास आले, तेव्हां त्यांना मूठभर माणसें शिल्लक दिसलीं.

मुंबईस सप्टेंबर १८५२ मध्यें ह्यू फिंडले हा स्कॉच उपदेशक आला. जवळ द्रव्य न बाळगतां, श्रद्धावंत देतील त्यावर राहावें, असा या लोकांचा नियम. शाळा नाहीं, दवाखाना नाहीं, पाठीशीं मंडळी नाहीं. मुंबईच्या पाद्र्यांनीं व इंग्रजी पत्रांनीं त्याच्यावर हल्ला चढविला. तो पुण्यास गेला, तर लष्करी अधिकाऱ्यांनीं छावणींत उपदेश करण्यास मनाई केली. तरीहि कांहीं शिपाई व इतर माणसें मिळून एक लहानशी मंडळी त्यानें उभी केली.

इतक्यांत घरचाच घाव बसला. २९ ऑगस्ट १८५२ रोजीं सॉल्ट लेक येथें बहुपत्नीकत्वाचें तत्त्व उघडपणें जाहीर झालें. आजवर उपदेशक ज्या गोष्टीचा इन्कार करीत आले, तीच आतां धर्माज्ञा ठरली! ही बातमी हिंदुस्थानांत येतांच गोऱ्या वस्तींतलीं दारें त्यांना बंद झालीं. ज्या देशांत एकाहून अधिक बायका करणें हिंदूंस वा मुसलमानांस नवें नव्हतें, त्या देशांत या तत्त्वानेंच त्यांचा घात केला. कारण त्यांचा श्रोता मुख्यतः युरोपियन होता. मराठ्यांना उद्देशून फिंडलेनें छोटें पुस्तक छापलें, तें १८५५ सालीं. आणि त्याच वर्षीं थोड्या अनुयायांसह त्यानें मुंबई सोडली.

जाण्याचें दुसरें कारण याहून खोल होतें. दीक्षितांनीं जगाच्या कानाकोपऱ्यांतून युटांत येऊन एकत्र वसावें, अशी या पंथाची आज्ञा होती. जो खरा श्रद्धावान्, तोच गांव सोडून जाई. मग गांवांत दिवा लावण्यास उरे कोण? कलकत्त्यास जन्मलेला एका लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा, आल्फ्रेड मॅक्यून, पुढें युटांत खाणी व रेल्वे यांच्या धंद्यांत गबर झाला. सॉल्ट लेक शहरांत त्याचा वाडा उभा आहे. कलकत्त्यांतील मंडळी मात्र विरून गेली.

या आज्ञेची किंमत ‘मॉन्सून’वरून आलेल्या लेव्हाय सॅव्हेज यानें डोळ्यांनीं पाहिली. ब्रह्मदेशांतून परततांना १८५६ मध्यें तो हातगाड्या ओढीत युटाकडे निघालेल्या गोरगरीब युरोपियन यात्रेकरूंस मिळाला. ‘ऋतु निघून गेला आहे; वाटेंत बर्फ गांठील, म्हातारीं माणसें व पोरें मरतील,’ असा इशारा त्यानें सभेंत दिला. वरिष्ठांनीं त्यास अश्रद्ध ठरविलें. निर्णय फिरत नाहीं असें पाहून तो त्यांच्याबरोबरच चालूं लागला. ऑक्टोबरांत बर्फानें गांठलें आणि त्या एका तांड्यांतील साठांहून अधिक जीव वाटेंत गेले.

१८९० सालीं पंथाच्या प्रमुखानें नव्या बहुपत्नीक विवाहांस मनाई करणारें जाहीरपत्र काढलें. पुढें एकत्र वसण्याचा आग्रहहि सुटला. दीक्षितांनीं आपापल्या देशींच राहावें, असें ठरल्यावर या पंथाचा पाय हिंदुस्थानांत पुन्हां पडला आणि १९९३ सालीं बंगळूर येथें त्याचें स्वतंत्र मिशन झालें. पुण्याच्या छावणीबाहेर फिंडलेनें जमविलेली ती मूठभर माणसें आपल्याच गांवीं राहूं शकलीं असतीं, तर बाणकोटच्या मिशनऱ्यांप्रमाणें त्यांचीहि कांहीं खूण आज येथें दिसली असती.